गोल मांडलेल्या खुर्च्या

खूप दिवसांनी लिहितोय. शनिवार-रविवार परतूरला जाऊन आलो. घरी एक गोष्ट सांगायची होती, ती सांगून टाकली एकदाची.

झालं असं की, गेल्या वर्षी रिलीजच्या धावपळीत माझी झोप उडाली. पहाटे तीनला छातीत धडधड. ईसीजी नॉर्मल! शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. गोळ्या सुरू झाल्या, आणि त्यांनीच पुण्यातल्या एका स्वमदत गटाचा पत्ता दिला.

आठ-दहा जण, गोल मांडलेल्या खुर्च्या. वाटलं, ही तर आपली स्टँड-अप मीटिंगच! फरक एवढाच की इथे 'ब्लॉकर' आपण स्वतःच असतो :) नियम तीन. इथलं इथेच ठेवायचं, स्वतःबद्दलच बोलायचं आणि न मागता सल्ला द्यायचा नाही. इंजिनिअरला तिसरा सगळ्यात जड. प्रॉब्लेम दिसला की सोडवायला धावतो आपण.

कल्पना तशी जुनीच. १९३५ मध्ये अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूच्या विळख्यातले, एकमेकांशी बोलून सावरले. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. पुण्यात १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू झालं, तिथेही व्यसनातून बाहेर आलेले लोक नव्यांना हात देतात. आजार वेगळा, सूत्र तेच. जो त्यातून गेलाय त्याला फार समजावून सांगावं लागत नाही. डॉक्टरला पर्याय नव्हे हं, जोड.

तर, घरी. बाबा म्हणाले, "घरचं चार लोकांत कामून सांगू लागला रे?" विषय संपला.

रात्री गच्चीवर अंथरुणं टाकली होती. बऱ्याच वेळानं अंधारातून आवाज आला, "मोसंबी तोडली त्या साली मलाबी झोप नव्हती."

२०१२ चा दुष्काळ. जालना जिल्ह्यातल्या कितीतरी बागा तेव्हा वाळल्या, त्यात आमचीही. मी शाळेत होतो. कुऱ्हाडीचा आवाज अजून आठवतो. बाबा झोपत नव्हते, हे मात्र आत्ता कळलं.

"कोणाला बोललात का मग?"

"कोणाला बोलणार? समदेच त्यात व्हते."

मी काहीतरी समजवायला तोंड उघडलं... आणि तिसरा नियम आठवला. गप्प पडून राहिलो. ते बराच वेळ बोलत होते. काय, ते इथे लिहिणार नाही. पहिला नियम!

असो. तुम्हालाही पहाटे तीनला जाग येत असेल तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर २४ तास चालू असतो. मोफत आहे, मराठीतही बोलतात.