सुख नेमकं कशात? उसाच्या बिलात की माणसांत?



'मोठेपणी तुला काय व्हायचंय?' हा प्रश्न आपण मुलांना पहिलीपासून विचारतो. 'तू समाधानी आहेस का?' असं मात्र फारसं कुणी विचारत नाही. सुख-समाधान हा नशिबाचा विषय, असं आपण धरून चालतो. पण गेली कित्येक वर्षं जगभरचे अभ्यासक याच विषयाच्या मागे लागले आहेत. त्यांनी काय शोधलं आणि आपल्या बारामती-इंदापूर भागात ते कसं दिसतं, हे सांगण्यासाठी हा लेख.

सुख मोजतात कसं?

एक शिडी डोळ्यासमोर आणा. सर्वात खालची पायरी शून्य, म्हणजे वाईटात वाईट आयुष्य. सर्वात वरची दहा, म्हणजे चांगल्यात चांगलं. तुम्ही आज कोणत्या पायरीवर आहात? एवढाच साधा प्रश्न. २०१२ पासून निघणाऱ्या जागतिक आनंद अहवालात देशांचा क्रम याच प्रश्नाच्या उत्तरांवरून लागतो. २०१८ पासून फिनलंड सलग पहिला येत आहे. २०२५ च्या अहवालात १४७ देशांत भारत ११८ वा होता.

ही शिडी मी सहावीच्या वर्गात फळ्यावर काढली. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, फक्त पायरी आणि तिचं कारण. मला वाटलं होतं मोबाईल, सायकल, नवे कपडे असं काहीतरी येईल. तसं आलंही, पण थोडं. बाकी चिठ्ठ्यांत माणसंच होती. 'आज्जी दवाखान्यातून घरी आली.' 'पप्पा रात्री उशिरा येतात.' 'माझी मैत्रीण माझ्याशी बोलत नाही.' एका चिठ्ठीवर 'चार' लिहून पुढे होतं, 'कारखाना बंद झाला की गावाला जायचंय, तिथं शाळा परत नवीन वाटते.' ती चिठ्ठी ऊसतोड कामगाराच्या मुलाची, हे सांगायला नको. वीस-बावीस चिठ्ठ्या म्हणजे काही संशोधन नव्हे. पण वर्ग नव्यानं कळला, एवढं खरं.

पैसा लागतोच

'पैशात सुख नसतं' हे वाक्य आपण निबंधात सहज लिहून घेतो. ज्याच्या घरात चणचण आहे त्याला ते ऐकवू नये. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तर आपल्याच शेतकऱ्याचा वाटावा असा आहे. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना ऊसतोडणीच्या आधी आणि तोडणी होऊन पैसे हाती आल्यावर बुद्धीच्या त्याच प्रकारच्या चाचण्या दिल्या. माणूस तोच, पण पैसे हाती नसताना त्याला कमी जमलं, हाती आल्यावर जास्त जमलं. चणचण माणसाची बुद्धी कमी करत नाही, ती बुद्धी अडकवून ठेवते.

आपल्याकडे आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला की तुटायला पंधरा-सोळा महिने लागतात, कधी त्याहून जास्त. तोपर्यंत खत, पाणीपट्टी, सोसायटीचं कर्ज, लग्नकार्य सगळं डोक्यावर. अशा काळात एखादे पालक सभेला आले नाहीत, वहीवर सही झाली नाही, तर 'पालक बेफिकीर आहेत' असं लगेच म्हणू नये. त्यांच्या डोक्यात पहिली उचल कधी मिळणार, एवढाच हिशोब चालू असतो.

पैशाच्या पुढे काय?

गरजा भागल्यानंतरची गोष्ट वेगळी आहे. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या २२ लॉटरी विजेत्यांचा अभ्यास झाला. इतरांच्या तुलनेत ते काही फार सुखी निघाले नाहीत. माणसाला नव्याची सवय होते. नवी गाडी दारात आली की थोड्याच दिवसांत ती नुसती गाडी उरते.

हार्वर्ड विद्यापीठाचा अभ्यास १९३८ मध्ये सुरू झाला. कॉलेजातले विद्यार्थी आणि बोस्टनच्या गरीब वस्तीतली मुलं अशा ७२४ जणांचं आयुष्य अभ्यासकांनी वर्षानुवर्षं पाहिलं. डॉ. रॉबर्ट वॉल्डिंगर हे त्याचे चौथे संचालक. म्हणजे अभ्यासकांच्या पिढ्या बदलल्या, अभ्यास चालूच राहिला. त्यातून निघालं ते असं: पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती, ते ऐंशीव्या वर्षी जास्त निरोगी होते. पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा नात्यांवरून पुढचं जास्त नीट सांगता आलं.

हेच आपण दर आषाढात पाहतो. तुकोबारायांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी पुढे जाते. बेलवाडीला रिंगण होतं. पाय सुजलेले, पावसात भिजलेले, उघड्यावर झोपलेले लोक, तरी चेहरे बघा! प्रयागच्या माघ मेळ्यावरचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. महिनाभर तिथं राहिलेले ४१६ यात्रेकरू आणि घरी राहिलेले १२७ जण यांना मेळ्याच्या आधी एक महिना आणि नंतर एक महिना तेच प्रश्न विचारले. थंडी, गर्दी, गोंगाट सोसूनही यात्रेकरूंना आधीपेक्षा बरं वाटत होतं. घरी राहिलेल्यांत तशी वाढ दिसली नाही. वारीत अनोळखी माणसालाही 'माऊली' म्हणतात, त्याला पाणी देतात, त्याचं ओझं धरतात. आपलं कुणीतरी आहे ही जाणीव थकव्याला पुरून उरते.

घरातला प्रश्न

माझी मुलगी यंदा दहावीला आहे. 'दोन वर्षं लातूरला नाहीतर कोट्याला टाका, आयुष्याचं कल्याण होईल,' असा सल्ला रोज मिळतो. तिची आई म्हणते पाठवू, मी म्हणतो बघू, आणि मुलगी म्हणते, 'आधी मला विचारा की!' निर्णय अजून झालेला नाही. संशोधन वाचून तो सोपा झाला असंही नाही. डॉक्टर होणं हे तिचं स्वप्न आहे आणि स्वप्नामागे जाण्यातही समाधान असतंच. मात्र वसतिगृह बघायला जाताना आमचे प्रश्न बदलले आहेत. निकालाचा फलक तर बघूच. पण ती जेवायला कुणासोबत बसणार? आजारी पडली तर उशाशी कोण असणार? घरी फोन कधी करता येणार? नापास झाली तरी तिच्याशी नीट बोलणारं तिथं कुणी आहे का?

वर्गात आणि घरी करून पाहा

१. आठवड्यातून एकदा मुलांनी 'मी कुणाचा आभारी आहे' अशा पाच गोष्टी वहीत लिहाव्यात. २००३ मधल्या एका अभ्यासात दहा आठवडे असं लिहिणाऱ्यांना आयुष्याबद्दल अधिक बरं वाटू लागलं होतं.

२. हंगामात नव्यानं आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी एक सोबती नेमून द्यावा. डबा, वही, खेळ, सगळं सोबत.

३. घरी सगळ्यांनी शिडीवरची आपली पायरी लिहावी आणि दुसऱ्याची ओळखावी. आपला अंदाज चुकला तर रागावू नका, विचारा.

एक काळजी मात्र घ्या. एखाद्या मुलानं दोन किंवा तीन लिहिलं, तर ती चिठ्ठी वर्गात वाचू नका आणि 'असं लिहू नये' असंही म्हणू नका. अक्षरावरून ते मूल आपल्याला ओळखू येतंच. मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी जाऊन बसा, आणि आधी ते काय म्हणतंय ते ऐका.