लॅमिंग्टन रोड, बाबा आणि एक कार्ड

शनिवारी सकाळी तुम्ही काय करता? दहापर्यंत लोळता, मग कुठेतरी ब्रंच, नाहीतर मल्टिप्लेक्स. डिसेंबर 2025 मधल्या एका शनिवारी मी मात्र डोंबिवलीहून सुटलेल्या फास्ट लोकलमध्ये, मांडीवर एक मेलेलं व्हिडिओ कार्ड घेऊन बसले होते. जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं. शेजारी बाबा. त्यांच्या खिशात चार घड्या घातलेला कागद, आणि त्यावर माझ्याकडून लिहून घेतलेली माहिती: प्रोसेसर, मदरबोर्ड, विंडोज कुठलं, एसएमपीएस किती वॉटचा.

कार्ड एका दिवसात गेलं नव्हतं. आधी पंधरा दिवस स्क्रीनवर हिरवे ठिपके यायचे, बुद्धिबळाच्या पटासारखे. मग उभे पट्टे. एका रात्री सीपीयू सुरू केला तर पडदा काळा आणि आतून एक लांब, दोन छोटे बीप. बऱ्याच बोर्डांवर याचा अर्थ एकच असतो: डिस्प्ले सापडत नाही. मी घरातले सगळे उपाय करून पाहिले. कार्ड काढलं, त्याच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवलं, धूळ झटकली, परत बसवलं. अर्धा तास चाललं, परत पट्टे.

‘‘बाबा, पुरे आता. मी तुम्हाला मस्त लॅपटॉप घेऊन देते,’’ मी म्हटलं.

‘‘नको. हाच दुरुस्त होतो का बघू.’’

म्हातारपणाचा हट्ट, दुसरं काय! असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मनातून जरा बरंच वाटलं होतं. त्या कपाटाएवढ्या डब्याला घरातून काढायला बरं कारण मिळालं होतं.

गंमत म्हणजे तो डबा मुळात माझाच. 2010 साली मी इंजिनिअरिंगला होते. ‘‘प्रोजेक्टला लागतो’’ असं सांगून मी बाबांना लॅमिंग्टन रोडला नेलं आणि गेम्ससाठी वेगळी वीज खाणारं, दोन स्लॉट अडवणारं दांडगं कार्ड घ्यायला लावलं. एकट्या कार्डाचे साडेसात हजार! बाबांनी नोटा दोनदा मोजल्या होत्या. नंतर मला नोकरी लागली, कंपनीचा लॅपटॉप आला आणि तो डबा बाबांकडे गेला. ते त्यावर काय करतात, हे मी कधी विचारलं नव्हतं. पत्ते खेळत असतील, बिलं भरत असतील...

दादरला उतरून पूल ओलांडायचा, वेस्टर्नची स्लो पकडायची आणि ग्रँट रोड पूर्वेला उतरायचं. ऑक्टोबर 2025 पासून ग्रँट रोडला भुयारी मेट्रोही थांबते. पण बाबांना लोकलच हवी होती. स्टेशनातून बाहेर पडून पाच-सात मिनिटं चाललं की लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लॉर्ड लॅमिंग्टन 1903 ते 1907 मुंबईचा गव्हर्नर होता. तो कधीच गेला, पण टॅक्सीवाल्याला आजही त्याचंच नाव सांगावं लागतं.

बाबांचा लॅमिंग्टन रोड वेगळा आहे. त्यांच्या डोक्यात हा थिएटरांचा रस्ता. ‘‘इथे मिनर्व्हा होतं. 1975 ला ‘शोले’ लागला तो पाच वर्षं हललाच नाही,’’ ते सांगत होते. मिनर्व्हा आता नाही. नंतर ट्रान्झिस्टरचे सुटे भाग घ्यायलाही ते इथेच यायचे. माझा लॅमिंग्टन रोड 2010 चा: फुटपाथवर पसरलेल्या पायरेटेड सीड्या, ‘‘मॅडम, सॉफ्टवेअर, गेम्स?’’ असं कुजबुजणारी पोरं, आणि हातात क्वोटेशनच्या चिठ्ठ्या घेऊन एका दुकानातून दुसऱ्यात पळणारे आमच्यासारखे बाप-लेक.

ती गर्दी आता नाही. ऑनलाइनने निम्मं गिऱ्हाईक नेलं, उरलेल्यांनी डेस्कटॉपच सोडला. पण रस्ता मेलेला नाही. सीसीटीव्हीचे कॅमेरे, राउटर, केबलची भेंडोळी, चार्जर, सोल्डरिंग गन, एलईडीच्या पट्ट्या... आणि काचेमागे रंगीबेरंगी दिवे लावलेली नवी ग्राफिक्स कार्डं, एखाद्या सराफाच्या दुकानासारखी!

पहिल्या दुकानात काउंटरवरच्या पोराने टॉवेल उघडून कार्ड पाहिलं आणि हसला. ‘‘मॅडम, ये तो म्यूझियम में दे दो.’’ मग त्याने तीन पंखे असलेलं कार्ड काढलं. किंमत ऐकून बाबांनी चष्मा काढून पुसला. भाव का चढलेत, हे पोराने छान सांगितलं. 2021 मध्ये क्रिप्टोवाल्यांनी कार्डं उचलली, तेव्हा बाजारात खडखडाट होता. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमने पद्धत बदलली, कार्ड लावून नाणी काढणं बंद झालं, आणि वापरलेल्या कार्डांचे ढीग आले. आता 2025 च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी खेचायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. म्हणजे कोणीतरी कुठेतरी काहीतरी भव्य करत असतं आणि डोंबिवलीतल्या बाबांचा पडदा महाग होतो.

दुसऱ्या दुकानात साडेचार हजारात एक सेकंडहँड कार्ड मिळत होतं. एकदम चकाचक. मी पर्स उघडलीच होती, तेवढ्यात बाजूला उभा असलेला एक गिऱ्हाईक हळूच म्हणाला, ‘‘स्क्रू बघा.’’ बघितले. सगळ्या स्क्रूंची तोंडं घासलेली. म्हणजे कार्ड उघडून धुऊन-पुसून ठेवलेलं. रात्रंदिवस मायनिंगला जुंपलेलं असणार, असं तो म्हणाला. पर्स बंद.

त्यानेच आम्हाला एका जुन्या इमारतीचा जिना दाखवला. पहिल्या मजल्यावर दहा बाय आठचा गाळा. टेबलावर भिंगाचा दिवा, हॉट एअर गन, फ्लक्सचा वास. मागे पन्नाशीचे एक गृहस्थ. त्यांनी आमचं कार्ड हातात घेतलं, पंख्याला बोटाने टिचकी मारली. पंखा अडकलेला. मग भिंगाखाली धरून मला दाखवलं: दोन कपॅसिटरांची डोकी फुगलेली.

‘‘हे बदलता येतील?’’

‘‘येतील. पण ठिपके कपॅसिटरमुळे आलेले नाहीत. चिपखाली बारीक बारीक सोल्डरचे टाके असतात. रोज तापायचं, रोज गार व्हायचं. पंधरा वर्षांनी त्यांना तडे जातात. गरम हवा मारली तर चालू होईल. महिनाभर, फार तर दोन. लोक ओव्हनमध्ये घालून भाजतातसुद्धा! मी पैसे घेऊन ते करणार नाही.’’

मग ते माझ्याकडे नाही, बाबांकडे वळले.

‘‘काका, तुम्ही त्याच्यावर काम काय करता?’’

इतका साधा प्रश्न! सकाळपासून तो कोणी विचारला नव्हता. पोराने वॉट विचारले होते, मी बजेट विचारलं होतं.

बाबा जरा घुटमळले आणि मग बोलायला लागले. दहा मिनिटं बोलत होते. 2014 ला रिटायर झाल्यापासून ते मालवणी शब्द गोळा करतायत. त्यांच्या आईच्या तोंडचे, गावच्या आवाठातल्या माणसांच्या तोंडचे. झील, चेडू, फाल्या हे सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांना हवे होते शेतातले, मांगरातले, व्हाळाकाठचे शब्द, जे बोलणारी माणसं एकेक करून जातायत. आधी वह्या भरल्या, मग टाइप करायला घेतलं. चार हजारांच्या वर शब्द, प्रत्येकाचा अर्थ आणि एक वाक्य. टाइप केलं ते ओळखीच्या प्रेसवाल्याने दिलेल्या जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये. युनिकोड नाही. यूएसबीला डोंगल लावल्याशिवाय ते उघडत नाही. तो फाँट नसेल तर तीच फाइल नव्या लॅपटॉपवर उघडल्यावर नुसती अगम्य इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात.

‘‘म्हणून लॅपटॉप नको म्हणत होतो,’’ बाबा म्हणाले. मला नाही, त्यांना.

मी आयटीत आहे, साहेब. रोज क्लायंटला विचारते, ‘‘तुमची रिक्वायरमेंट काय?’’ घरी एकदाही विचारलं नव्हतं.

गृहस्थांनी बाबांच्या खिशातला कागद मागून घेतला. प्रोसेसर आय फाइव्ह 750. ‘‘याच्यात आतलं ग्राफिक्स नाही. असतं तर तुम्हाला कार्डच लागलं नसतं, केबल बोर्डाला लावून घरी पाठवलं असतं.’’ विंडोज 7, तेही 32 बिट. मॉनिटर सतरा इंची, मागे फक्त निळं व्हीजीए. ‘‘मग संपला विषय. नवीन कार्डांना व्हीजीए नसतं, वेगळा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. तुम्हाला जीटी 710 पुरे. व्हीजीए आहे, 19 वॉट खातं, वेगळी वायर नको.’’

कागदावर सगळं जुळत होतं. पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट पिढ्या बदलल्या तरी एकमेकांना सांभाळून घेतो, त्यामुळे 2010 च्या बोर्डावर नंतरचं कार्ड बसतं. एनव्हिडियाने 2018 मध्ये 32 बिटसाठी नवे ड्रायव्हर काढणं थांबवलं, पण त्याआधीच्या 390 मालिकेतला ड्रायव्हर या कार्डाला चालतो. तो त्यांनी पेनड्राइव्हवर टाकून दिला. कार्ड खालच्याच दुकानातून मागवलं. माझ्या हातात आलं तेव्हा हसूच आलं. जुन्याच्या निम्म्या आकाराचं, पंखाही नाही, नुसतं हीटसिंक. साडेतीन हजार, पक्कं बिल, वॉरंटी. गेमर लोक याला कार्ड म्हणणारसुद्धा नाहीत.

निघताना ते म्हणाले, ‘‘कार्ड फक्त दाखवतं. शब्द हार्डडिस्कवर आहेत. तीही पंधरा वर्षांचीच ना? आज पडदा गेला, नशीब समजा. ती जाताना असे ठिपके दाखवून जाईलच असं नाही.’’

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. बाबांचा बॅकअप म्हणजे 2016 ची एक सीडी. परत खाली उतरून एक टीबीची बाहेरून लावायची डिस्क घेतली, मगच स्टेशनची वाट धरली.

तुमच्याही घरी असा एखादा डबा असेल, आणि लॅमिंग्टनला जायचं असेल, तर चार गोष्टी सांगते. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर बंद असतात. शनिवारी दुपारच्या आधी गाठा. सगळा सीपीयू लोकलमधून वाहून नेऊ नका; कार्ड न्या आणि मोबाइलवर फोटो न्या: बोर्डाचा, एसएमपीएसच्या लेबलचा, मॉनिटरच्या मागच्या पिनांचा, आणि कॅबिनेटच्या आत किती जागा आहे त्याचा. ठिपके विंडोज सुरू व्हायच्या आधी, कंपनीच्या लोगोवरही दिसत असतील तर विंडोज परत टाकण्यात रविवार घालवू नका, दोष हार्डवेअरचा आहे. आणि सेकंडहँड घेताना तिथेच लावून दाखवायला सांगा.

पाचवी गोष्ट: ज्याचा कॉम्प्युटर आहे त्याला बरोबर न्या.

संध्याकाळी घरी कार्ड बसवलं. एसएमपीएसची मेन वायर काढून, लोखंडी कॅबिनेटला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवून, मगच. आधी बीप एकच, छोटा. मग लोगो, स्वच्छ. मग विंडोज 7 चा तो निळा पडदा. या विंडोजचा सपोर्ट जानेवारी 2020 मध्येच संपलाय, म्हणून नेटची केबल काढून टाकली. बाबांना नेट नकोच होतं. त्यांनी डोंगल लावली, फाइल उघडली आणि ‘व’पाशी थांबलेलं पान समोर आलं.

पहिल्यांदा सगळा फोल्डर नव्या डिस्कवर कॉपी केला. एक कॉपी माझ्या लॅपटॉपवरही. आता दर रविवारी मी डोंबिवलीला जाते. थोडं थोडं युनिकोडमध्ये आणतोय. कन्व्हर्टर आहेत, पण जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, आणि मालवणी शब्द चुकला तर तो चुकलाय हे मला कळतसुद्धा नाही. म्हणून बाबा जुन्या पडद्यावरून वाचून दाखवतात आणि मी लॅपटॉपवर दुरुस्त करते. आम्ही ‘क’वर आहोत. या वेगाने दोन वर्षं तरी लागतील. तेवढी वर्षं ते छोटं कार्ड टिकावं, एवढंच.

परवा जेवायला उशीर होत होता. आईने दोनदा हाक मारली. मी म्हटलं, ‘‘बाबा, बंद करा आता.’’

‘‘वायच रव,’’ ते पडद्यावरून नजर न हलवता म्हणाले, ‘‘सेव्ह करतंय.’’