चार हजारांतील शोभा

गेल्या जानेवारीत एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक तरुणी आम्हांस भेटावयास आली. ती मुंबईतील एका संस्थेत 'स्टायलिंग' शिकते. स्टायलिंग म्हणजे शिवणकामाचाच एखादा प्रकार असावा, असा आमचा समज होता. तिने तो हसत दुरुस्त केला. "फादर, कपडे शिवणारा वेगळा, फोटो काढणारा वेगळा. कोणाच्या अंगावर काय, कशासोबत आणि कुठल्या उजेडात शोभेल, हे ठरवून सगळं जमवून आणायचं, ते आमचं काम." अंतिम परीक्षेसाठी तिला सहा छायाचित्रांची मालिका सादर करावयाची होती. विषय तिने निवडला होता आपल्या कुपारी समाजातील स्त्रियांचा जुना पेहराव. तोही वस्तुसंग्रहालयात ठेवल्यासारखा नव्हे, तर आजच्या मुलीने आजच्या जोड्यांसह आणि जाकिटासह ल्यालेला. हाताशी होते चार हजार रुपये.

प्रथम तिच्या मनात वसईचा किल्ला होता. पोर्तुगीजांच्या दोन शतकांच्या अमदानीतील चर्चेसचे ते उघडे भग्नावशेष छायाचित्रकारांना मोह घालतात, यात नवल नाही. कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या 2016 सालच्या एका गीताच्या चित्रफितीतही ते दिसतात. परंतु किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तेथे रीतसर चित्रीकरण करावयाचे तर अर्ज, परवानगी आणि शुल्क आले. म्हणून तिने आमच्याकडे चर्चची मागील वाडी मागितली. तेथे जुनी विहीर आहे, मोडका रहाट आहे आणि केळीची चार रांगा झाडे आहेत.

आम्ही नकार दिला. खोटे कशास सांगावे, 'फॅशन' हा शब्द ऐकताच आमच्यातील प्रवचनकार जागा झाला. वेदीवरून या विषयावर आम्ही पूर्वी बरेच बोललो आहोत. रानातील फुलांचा आणि शलमोनाच्या वैभवाचा दाखलाही अनेकदा दिला आहे. ती काही बोलली नाही. "बरं, फादर" म्हणून निघून गेली.

त्या रात्री सॅक्रिस्तीचे कपाट आवरताना सणासाठी शिवून घेतलेले जरीकामाचे मिस्सावस्त्र हाती आले. त्याची किंमत त्या मुलीच्या साऱ्या अंदाजपत्रकाच्या तिप्पट होती. आगमनकाळात जांभळे, हुतात्म्यांच्या सणाला तांबडे, पास्काला शुभ्र. कोणत्या दिवशी काय ल्यावे आणि का ल्यावे, हे सेमिनरीने आम्हांस काटेकोर शिकविले होते. अँजेलो द फोन्सेका या गोमंतकीय चित्रकाराच्या चित्राची एक प्रतही आम्ही तेथेच प्रथम पाहिली होती. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथांपाशी शिकलेला आणि पुढे पुण्याच्या आश्रमात राहिलेला हा कलावंत पवित्र मरियेला साडी नेसवीत असे, आणि त्याबद्दल आपल्याच माणसांचा रोष पत्करीत असे. त्या चित्राची आम्ही तरुणपणी तोंड भरून स्तुती केली होती. सकाळच्या मिस्सानंतर मुलीला निरोप धाडला.

खरी अडचण पुढेच होती. तांबडे लुगडे आता घरोघर सापडत नाही. तिच्या आजीकडे एक होते, परंतु ते आजीने स्वतःच्या दफनासाठी जपून ठेवलेले. ट्रंकेत, डांबरगोळ्यांत, जपमाळेसह. घरातील मंडळींनी नातीला दटावले. मग आजीने आम्हांस बोलावून विचारले, की मरणासाठी काढून ठेवलेले वस्त्र हौसेसाठी बाहेर काढले तर देवाला चालेल काय? धर्मशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात हा प्रश्न आमच्या वाचनात आलेला नव्हता. आम्ही म्हणालो, "आजी, वस्त्र तुमचे आहे. तुमचे मन काय म्हणते?" त्यांनी तीन अटी घातल्या: कात्री लावायची नाही, पिन टोचायची नाही आणि नेसवणार त्या स्वतः.

ठरल्या दिवशी पहाटे सहाला मंडळी जमली. छायाचित्रकार म्हणजे तिचा वर्गमित्र, मॉडेल म्हणजे मावसबहीण. सारा संसार उसना होता. उसन्या जोड्यांच्या तळव्यांना चिकटपट्टी लावली होती; एक ओरखडा पडला तर दुकानदार परत घेणार नाही. ढगळ जाकीट पाठीमागून कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांनी आवळले होते. समोरून पाहणाऱ्यास ते जणू मापानेच शिवलेले वाटे. उजेड परतवण्यासाठी थर्माकोलचा तावा आणि पुठ्ठ्यावर चिकटविलेला स्वयंपाकघरातील चांदीचा कागद. तो पुठ्ठा धरण्याचे काम आमच्याकडे आले. दोनदा तो वाकडा धरल्याबद्दल आम्ही बोलणीही खाल्ली. मुलगी म्हणाली, "फादर, तिच्या हनुवटीखाली उजेड हवा, विहिरीवर नको." पॅरिशमध्ये आम्हांस असे कोणी बोलत नाही. आम्हांस ते आवडले, हे येथे नमूद करण्यास हरकत नाही.

सूर्य सव्वासातला उगवला. कोवळा उजेड फार तर तासभर टिकतो, आणि आजींनी नऊवार नेसवण्यात त्यातला अर्धा तास घेतला. मुलगी घड्याळाकडे पाही, पण आजीला घाई कर म्हणाली नाही. प्रत्येक निरी बोटांनी दाबत, मध्येच थांबून आजी आपल्या बोलीत सांगत होत्या, की वाडीत काम करणारीचे लुगडे कुठवर खोचायचे आणि मिस्साला जाणारीचे कुठवर. मुलगी ते वहीत टिपून घेत होती. चित्रे सहाऐवजी पाचच मिळाली. सहाव्याच्या वेळी ऊन डोक्यावर येऊन चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडू लागल्या होत्या. त्याच गडबडीत मावसबहीण केळीच्या ताज्या कापलेल्या बुंध्याला टेकली. पदरावर चीक लागला.

वसईच्या माणसाला केळीचा डाग म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. तो धुतल्याने जात नाही, उलट काळा पडतो. मुलगी विहिरीच्या काठावर बसून रडली. चार हजारांच्या हिशेबात या नुकसानीचे कलम नव्हते.

सहाव्या चित्राच्या जागी तिने पदराच्या त्या डागाचेच जवळून घेतलेले चित्र दिले. परीक्षकांना ते अपुरे वाटले आणि गुण कापले गेले. आमच्या मते तो निर्णय चुकला. पण आमचे मत या विषयात कोण विचारतो? धर्मग्रामातील दोघांतिघांनी मात्र चर्चच्या आवारात 'शूटिंग' झाल्याची तक्रार केली. आम्ही त्यांना ती पाच चित्रे दाखविली. एक गृहस्थ बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आमची आई असंच नेसायची." तक्रार त्यांनी मागे घेतली नाही, परंतु एका चित्राची प्रत मागून नेली.

पुढील महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजारी माणसांना कम्युनियन द्यावयास निघालो, तेव्हा आजींकडेही गेलो. प्रार्थना आटोपल्यावर त्यांनी सुनेकरवी ट्रंक उघडवली व लुगडे मांडीवर घेतले. डाग तळहाताएवढा, काळपट झाला होता. आम्ही सांत्वनाचे काही बोलणार, तोच त्यांनी विचारले, की आत गेल्यावर पदर कोणत्या खांद्यावर असतो? आम्ही म्हणालो, डाव्या. तर मग डाग वरच येईल, त्या म्हणाल्या, बरे झाले, वाडीतली बाई म्हणून ओळख पटेल. एवढे बोलून त्यांनी लुगड्याची घडी घातली आणि नव्या डांबरगोळ्या आणावयास नातीला दुकानात पिटाळले.