निर्मिकाची सनद

बुद्धिवाद म्हणजे ईश्वराशी उघड वैर, अशी आमच्या सुशिक्षित वर्गाची एक सोयीस्कर समजूत आहे. अमेरिकन प्रजासत्ताकाच्या जनकांनी विज्ञानाच्या बळावर धर्माला निरोप दिला, असेही पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. १७७६ च्या जाहीरनाम्यात जेफर्सनने मनुष्याचे हक्क राजापासून नव्हे, तर निर्मात्यापासून मिळालेले मानले. थॉमस पेनने १७९४ च्या ‘एज ऑफ रीझन’मध्ये त्याच्याही पुढची गोष्ट सांगितली : सृष्टी हाच ईश्वराचा ग्रंथ आणि विज्ञान हे तो वाचण्याचे साधन. ग्रंथ सर्वांपुढे उघडा पडला असता मध्यस्थाचे प्रयोजन काय? लोखंडी पुलांचे आराखडे करणारा हा ईश्वरवादी गृहस्थ देशबांधवांनी नास्तिक ठरविला. १८०९ साली त्याच्या अंत्यविधीस हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसे होती.

हा विचार अमेरिकेपेक्षा आमच्या जुन्नर तालुक्यात अधिक खोल गेला, असे म्हटले तर वाचक हसतील. हसोत बापडे! जेफर्सन समतेची वाक्ये लिहीत असता त्याच्या मळ्यावर गुलाम राबत होते, आणि ते अखेरपर्यंत राबले. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी पेनचा ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचला, आणि १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकन सज्जनांस. त्याच वर्षी सत्यशोधक समाज निघाला.

आण्याचा घाट उतरून आळेफाट्यावरून कल्याणच्या रस्त्यास लागले की ओतूर येते. तेथे १८८४ च्या सुमारास बाळाजी कुसाजी पाटलांनी भटजीवाचून लग्ने लाविली. ग्रामजोशी न्यायालयात गेले. मनुष्य आणि निर्मिक यांच्यामध्ये कोणी असावे की नसावे, हा पेनचा प्रश्न. कोर्टापुढे तो आला दक्षिणेच्या हक्काचे रूप घेऊन. या शेतकऱ्यांनी पेन वाचला नव्हता. आम्ही पदवीधर तो वर्गात शिकवितो आणि घरी येऊन मुलीच्या लग्नाचा मुहूर्त काढवितो.

जेफर्सनच्या १७८६ च्या व्हर्जिनियातील कायद्याने धर्माच्या बाबतीत सरकारी सक्ती बंद केली. परंतु घराच्या उंबरठ्याशी तो थांबला. जोतीरावांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली, ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ प्रसिद्ध झाले. त्यातील घरात पत्नीने बौद्ध व्हावे, पतीने ख्रिस्ती, कन्येने मुसलमान आणि पुत्राने सत्यधर्मी. आणि कोणी कोणाचा द्वेष करू नये. इतके मोकळे घर आण्यात मी पाहिलेले नाही, पुण्यातही नाही.