ह्यात मी कुठंय?

मागच्या दिवाळीत मामाच्या घरी माळ्यावर एक कॅसेट सापडली. कव्हरवर बॉलपेननं लिहिलेलं, ‘यात्रा १९९१’. मी ती पुण्याला आणली, ओळखीच्या एकाकडून डिजिटल करून घेतली आणि मामाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. अर्ध्या तासात त्याचा फोन आला.

“ऐकली. गाणारी हाय, ढोलकी हाय, बेंजो हाय. पण ह्यात मी कुठंय?”

मला वाटलं, चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता.

मामा ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. चार जाड तारांची, लांब मानेची. तुम्हाला हे वाद्य माहीत नसेल, तरी त्याचा आवाज तुमच्या ओळखीचा आहे. मोठ्या स्पीकरवर गाणं लागलं की छातीत जे धम्म होतं, त्यातला बराचसा वाटा त्याचा. गाणं गुणगुणताना त्याचा एकही सूर आपल्या ओठांवर येत नाही. पण तो काढून घेतला तर गाणं पोकळ वाटायला लागतं. तमाशात मागं उभा राहून सूर धरणारा सुरत्या असतो ना, त्याच जातीचं काम.

आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीपासून आत. पाऊस सह्याद्रीवरच संपतो, आमच्याकडे ढग नुसते बघायला येतात. म्हणून आमच्याकडची एक पिढीच्या पिढी मुंबईच्या गिरण्यांत गेली. आजोबा लालबागला गेले, मामा तिथंच वाढला. त्याच चाळीच्या मागच्या गल्लीत एक गोवेकर राहायचा. तो लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा आणि अधूनमधून सिनेमाच्या रेकॉर्डिंगलाही जायचा. मामा त्याची पेटी उचलून न्यायचा आणि त्या बदल्यात शिकायचा. एकदा त्याच्यासोबत ताडदेवच्या फिल्म सेंटरच्या दारापर्यंत गेला होता. दारापर्यंतच. मामा ते अजून सांगतो.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. आजोबा बिऱ्हाड घेऊन गावी आले. सामानात गोवेकरानं स्वस्तात दिलेली बेस गिटार होती. आजोबांनी तिच्यावरून मामाला शिव्या घातल्या, असं आई सांगते. पुढं मामा एका ऑर्केस्ट्रात लागला आणि बारा-तेरा वर्षं जत्रा-यात्रांमध्ये वाजवत फिरला.

लहानपणी मी एकदा मित्रांना घेऊन त्याच्याकडे गेलो होतो. ‘माझा मामा गिटार वाजवतो’ म्हणून भाव खाल्ला होता. मित्र म्हणाले, गाणं वाजवा. मामानं वाजवलं. धुम, धुम, धुधुम. कुणालाच गाणं ओळखू येईना. पोरं फिदीफिदी हसली, आणि मीच म्हणालो, “मामाला वाजवता येत नाही.” मामा काही बोलला नाही. गिटार भिंतीला टेकवून आत गेला.

हे मी विसरलो होतो. त्याचा तो फोन आला त्या रात्री आठवलं.

त्या रात्री मी बेसवाल्यांबद्दल वाचत बसलो. त्यात मला चरणजित सिंग सापडले. जन्म १९४०, मुंबई. पेशा स्टुडिओत साथ करण्याचा. बेस गिटार, साधी गिटार, सिंथेसायझर, जे सांगतील ते. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, सगळ्यांकडे वाजवलं. ‘दम मारो दम’मध्ये त्यांनी ट्रान्झिकॉर्ड नावाचं, अ‍ॅकॉर्डियनसारखं दिसणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य वाजवलं. हे गाणं मी शेकडो वेळा ऐकलंय. हे नाव एकदाही ऐकलं नव्हतं. रेकॉर्डवर गायक, गीतकार, संगीतकार यांची नावं असायची. वाजवणाऱ्यानं शिफ्ट करायची, पैसे घ्यायचे, घरी जायचं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत डेट्रॉइटला मोटाऊन कंपनीचा जेम्स जेमरसन नावाचा बेसवाला होता. उजव्या हाताच्या एकाच बोटानं वाजवायचा. १९५९ पासून तिथं, आणि साठच्या दशकातल्या कंपनीच्या किती हिट गाण्यांच्या तळाशी तो आहे! तरी अल्बमवर त्याचं नाव छापून यायला १९७१ उजाडलं, मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. १९८३ मध्ये तो वारला, तेव्हा ४७ वर्षांचा होता. आज जगभरची पोरं त्याचं वाजवणं सूर न् सूर शिकतात.

चरणजित सिंगांची गोष्ट मला यापेक्षा चटका लावून गेली, कारण तिच्यात एक मशीन आहे. १९८१ च्या सुमारास रोलँड या जपानी कंपनीनं टीबी-३०३ नावाची छोटी पेटी काढली. एकटा गिटारवाला घरी सराव करत असेल तर त्याला बेसची साथ मिळावी, म्हणून. थोडक्यात, बेसवाल्याच्या जागी ठेवायचं मशीन. तिचा आवाज बेस गिटारसारखा आलाच नाही. धड खपलीही नाही, दोन-तीन वर्षांत बंद पडली. पण चरणजित सिंगांनी ती विकत घेतली. जी पेटी आपली नोकरी खायला काढलेली, तीच समोर ठेवून हा बेसवाला बसला आणि तिच्यावर राग वाजवले. भैरव, यमन, मालकंस, मेघमल्हारसुद्धा. एकूण दहा, खाली डिस्कोचा ठेका. रेकॉर्ड निघाली १९८२ ला, संपाच्याच वर्षी. फारशी कुणी घेतली नाही. पुढं १९८७ मध्ये शिकागोच्या पोरांनी तीच पेटी वापरून काढलेल्या संगीताला जगानं ‘अ‍ॅसिड हाऊस’ म्हणून डोक्यावर घेतलं. चरणजित सिंगांची रेकॉर्ड एका डच माणसाला जुन्या रेकॉर्डच्या दुकानात सापडली आणि २०१० ला पुन्हा निघाली. तेव्हा लोक चक्रावले, की हे मुंबईत पाच वर्षं आधीच झालं होतं! सत्तरी ओलांडल्यावर त्यांना युरोपातून वाजवायची बोलावणी आली. २०१५ ला ते मुंबईतच गेले.

मामाच्या वाट्याला असलं काही आलं नाही. त्याच्या ऑर्केस्ट्रात नवा कीबोर्ड आला, ज्यात एक बटण दाबलं की ठेका आणि बेस आपोआप वाजायचा. मालकानं हिशेब केला. एक माणूस कमी, एक जेवण कमी, टेम्पोत एक जागा मोकळी. मामानं त्यानंतर वडापची जीप चालवली, दहिवडी ते म्हसवड. गिटारच्या तारा भिंतीवर गंजल्या.

मग ‘मी कुठंय’ याचं उत्तर मला समजलं. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की सेकंदाला ४१ वेळा थरथरते. एवढा खालचा आवाज काढायला मोठा पडदा लागतो, भरपूर हवा ढकलावी लागते. मोबाईलचा स्पीकर नखाएवढा. मामा कॅसेटमध्ये होता, फाईलमध्येही होता. फोनलाच तो ऐकू घालता येत नव्हता. आम्ही गावची पोरं फोनवर गाणी ऐकत वाढलो, म्हणजे इतकी वर्षं मामासारख्यांना वगळूनच ऐकत होतो.

पुढच्या शनिवारी चांगला हेडफोन घेऊन गावी गेलो. मामा ओट्यावर बसला होता. त्याच्या कानाला लावला, गाणं सुरू केलं. तो थोडा वेळ तसाच बसून राहिला. मग त्याच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर हलायला लागली. मला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त बोटं दिसत होती. पहिल्यांदा मी त्याचं वाजवणं नीट बघत होतो.

तिसऱ्या गाण्यात तो हसला. “हितं चुकलोय बघ.”

मी हेडफोन घेऊन तीनदा ऐकलं. मला चूक सापडली नाही.

“कुणालाच कळली न्हवती,” तो म्हणाला. “ढोलकीवाल्यानं फकस्त वळून बघितलं हुतं.”

कॅसेटच्या शेवटी निवेदक सगळ्यांची नावं घेतो. गायिका, गायक, ढोलकी, बेंजो, अगदी मांडववालासुद्धा. आणि मग, ‘साथीला इतर कलाकार’. मामानं ते ऐकलं, हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळून माझ्या हातात दिला.

मी म्हणालो, “मामा, त्या दिवशी पोरांसमोर मी...”

“आरं, ल्हान हुतास,” तो म्हणाला. म्हणजे त्याला आठवत होतं.

मी फाईलचं नाव बदललं. ‘यात्रा १९९१’च्या पुढं ‘बेस गिटार’ असं लिहून मामाचं पूर्ण नाव टाकलं आणि त्याला स्क्रीन दाखवली. त्यानं चष्मा लावून दोनदा वाचलं.

“मंग तिसऱ्या गाण्यातली चूक पन माझीच, त्ये बी लिव,” तो म्हणाला.