जादा पाण्याची वाट

प्राध्यापकांना सुट्ट्या फार, असे म्हणण्याची पद्धत आहे. ते अगदीच खोटे नाही. पण वर्षभर टाळलेली सगळी कामे सुट्टीचीच वाट पाहत बसलेली असतात, ही त्याची दुसरी बाजू. २०२३ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्यापुढे तीन कामे होती: घराची दुरुस्ती, नॅकच्या अहवालासाठी आमच्या मराठी विभागाचा मजकूर, आणि वडिलांना दिलेला एक शब्द. नातवाला गावी आणून गळ टाकायला शिकवायचे, असे बाबा कितीतरी वर्षे म्हणत होते. दरवर्षी काहीतरी निघायचे आणि ते राहून जायचे. या वेळी मी फोनवर होकार देऊन बसले होते, आणि नेमके त्याच वर्षी घरात पाणी शिरले.

आमचे घर नागपुरात, अंबाझरी तलावाच्या खालच्या बाजूला, नाग नदीपासून फारसे दूर नाही. सासऱ्यांनी बांधलेले. २२ सप्टेंबरच्या रात्री सुरू झालेल्या पावसाने काही तासांतच शंभर मिलिमीटरची मर्यादा ओलांडली, तलाव ओसंडला आणि २३ तारखेच्या पहाटे वस्त्यांमध्ये पाणी भरले. शहरात माणसेही दगावली. त्या मानाने आमचे नुकसान किरकोळच म्हणायचे. कमरेइतके पाणी, फुगलेली दारे, बंद पडलेला फ्रीज आणि पुस्तकांच्या कपाटातील खालचे दोन खण. त्यात मारुती चितमपल्लींचे ‘नवेगावबांधचे दिवस’ होते. गच्चीवर वाळत घातलेल्या पुस्तकांत त्याची पाने मी रोज सुटी करीत असे. तलावाविषयीचे पुस्तक तलावाच्याच पाण्याने भिजावे, यावर हसावे की रडावे ते तेव्हा कळत नव्हते.

दिवाळी झाल्यावर काम सुरू झाले. चार फुटांपर्यंतची छपाई खरवडून काढावी लागली. विजेचे बोर्ड वर न्यायचे, चौकटी बदलायच्या, हे सगळे ठरलेलेच होते. प्रश्न उपस्थित केला मिस्त्रींनी. ते म्हणाले, “म्याडम, नुसती छपाई करून काय होते? अंगणात दोन फूट भरण टाकून घ्या, मागच्या भिंतीतली मोरी बुजवा आणि भिंत वर उचला. गल्लीत सगळ्यांनी तेच केले.”

सगळ्यांनी तेच केले होते, हे खरे. गेल्या वीस वर्षांत गल्लीतील जुनी घरे पडून नवी उठली आणि प्रत्येक नवे जोते आधीच्या जोत्यापेक्षा उंच झाले. खोलगटात राहिलो ते आम्ही आणि शेजारच्या काकू. काकू एकट्या राहतात. त्यांचे घर आमच्याहीपेक्षा खाली आहे. तरीही पतींना मिस्त्रींचे म्हणणे पटले आणि खरे सांगायचे तर मलाही पटले. भरणाच्या मुरुमाचा भाव विचारून झाला. सोमवारी गाड्या येणार होत्या. त्याआधीच्या शनिवारी मुलाला घेऊन मी गावी गेले, नॅकचे कागद पिशवीत घेऊन.

माझे माहेर भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या बाजूला. नागपूरहून सुमारे शंभर किलोमीटर. धानाची कापणी चालू होती आणि गावचा तलाव भरलेला होता. हा मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळापासून या भागात तलाव बांधले गेले. त्या कामात कोहळी समाजाचे कसब मोठे. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि ‘माजी मालगुजारी’ या नावाची आद्याक्षरे जोडून लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणू लागले. नाव प्रेमळ झाले, पण देखभालीचा धनी मात्र हरवला. पुष्कळ तलावांत गाळ साचला आहे आणि कडेने बेशरमाची झुडपे माजली आहेत.

भल्या सकाळी आम्ही पाळीवर गेलो. बाबा निवृत्त शिक्षक. गुडघ्यांमुळे त्यांना पाळ चढताना दोनदा थांबावे लागले. हे मी पहिल्यांदाच पाहत होते, कारण फोनवर गुडघे दिसत नाहीत. सोबत त्यांचे जुने स्नेही, ढिवर समाजातले काका होते. तलावातली मासेमारी त्यांच्या संस्थेकडे आहे, म्हणून गळ टाकायचा तोही त्यांना विचारूनच. काकांनी मुलाला गळाला गांडूळ लावायला शिकवले, आणि मरळ हवा घ्यायला वर येते तेव्हा पाण्यावर उमटणारे वर्तुळ कसे ओळखायचे तेही. दोन तास मुलगा गप्प बसून राहिला. घरी तो दोन मिनिटे बसत नाही. शेवटी एक वीतभर मरळ लागली. काकांनी ती हातात घेऊन पाहिली आणि परत सोडून दिली. “लहान आहे. वाढू दे,” एवढेच बोलले. मुलाचा चेहरा पडला, पण त्याने वाद घातला नाही.

मग तो बाबांना म्हणाला, “आबाजी, हा तलाव फुटला तर?” सप्टेंबरपासून पाण्याविषयी त्याचे प्रश्न असेच असतात.

बाबांनी त्याला हाताशी धरून पाळीच्या टोकापर्यंत नेले. धानाला पाणी सोडायचे ते तुडुम आणि जादा झालेले पाणी आपोआप वाहून जाते ती सलंग, असे त्याला दाखवले. सलंग ही पाळीपेक्षा मुद्दाम खाली ठेवलेली जागा. तलाव बांधणाऱ्याने पाणी किती साठवायचे याचा जेवढा विचार केला, तेवढाच ते कुठून सोडायचे याचाही केला. सोडलेले पाणी खालच्या तलावात जाते, तिथून त्याच्याही खालच्या. पावसाळ्यात मासे याच वाटेने उलटे वर चढतात. काका मागून म्हणाले, “पान्याले रस्ता द्या लागते, बाई. नाही देला, तं थो आपला आपन करते.”

ते माझ्याशी नव्हे, तलावाविषयी बोलत होते. पण मला मागच्या भिंतीतली मोरी आठवली. ती बुजवली की आमचे पाणी थांबणार नव्हते, फक्त काकूंकडे जाणार होते. हे मला आधी कळत नव्हते असे नाही, ते कळून घेण्याचे मी टाळत होते. गल्लीत प्रत्येकाने हेच केले होते आणि त्यातले कोणीही वाईट माणूस नव्हते.

रविवारी रात्री घरी आल्यावर आमचा वाद झाला. पतींचा मुद्दा बिनतोड होता: आपण सज्जनपणा केल्याने अंबाझरी थांबणार आहे का? नाही. एक घर खोलगट राहिल्याने शहराचा पूर ओसरत नाही. पण आमच्या अंगणाची उंची तेवढी आमच्या हातात होती. अखेर भरण रद्द झाले. त्या पैशांत मोरी रुंद केली आणि काकूंच्या अंगणातून पुढच्या गटारापर्यंत पक्की नाली काढली. निम्मा खर्च काकूंनी हट्टाने दिला. पुस्तकांचे कपाट भिंतीवर तीन फूट उंच ठोकले. मिस्त्री शेवटपर्यंत नाराज होते.

असो. त्या सुट्टीत आम्ही आणखी दोनदा गावी गेलो. तिसऱ्या खेपेस बाबा पाळीखालीच खुर्ची टाकून बसले आणि तिथून सूचना देत राहिले. नॅकचा मजकूर मी रात्री, ओल्या छपाईच्या वासात बसून, शेवटच्या दिवशी संपवला.

जून २०२५ मध्ये चितमपल्ली गेल्याची बातमी आली, तेव्हा ते फुगलेले पुस्तक काढून पुन्हा चाळले. डाग आहेत, पण वाचता येते. आताशा रात्री पाऊस वाढला की मी टॉर्च घेऊन मोरीत कचरा अडकला आहे का ते पाहायला उठते. बहुतेक वेळा भिंतीपलीकडेही उजेड असतो. काकू विचारतात, “वाहतंय ना गं?” मी म्हणते, “वाहतंय, काकू. तुम्ही झोपा.”