बदली सौंसरला, शेजारी गडकरी



"सौंसर? ते कुठे आलं गं?" बदलीचा कागद आला तेव्हा ठाण्याच्या घरात आईचा पहिला प्रश्न हा होता. मीही मोबाईलवर नकाशा उघडूनच उत्तर दिलं. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागायचं, साधारण पासष्ट किलोमीटर, महाराष्ट्राची हद्द ओलांडली की आलंच. बँकेतली बढती हवी होती, पण परक्या राज्यात हिंदीतला कारभार आणि ठाण्यात एकटी आई, हे काही जमेना. म्हणून परत बदली मागण्याचा अर्ज मी आधीच लिहून बॅगेत टाकला. सहा महिने काढायचे आणि अर्ज पुढे करायचा, असा बेत होता.

जुलैमधल्या एका पावसाळी सकाळी नागपूरहून बस धरली. तासाभराने ती एका स्थानकात थांबली. खिडकीतून पाटी वाचली, "सावनेर", आणि मी ताडकन सरळ बसले. राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी गेले, ते याच गावात! माझा सगळ्यात आवडता लेखक. ठाण्यात गडकरी रंगायतनच्या पायऱ्यांवर आम्ही मैत्रिणी तासन् तास बसलो आहोत, पण लेखकाचा शेवटचा मुक्काम माझ्या नव्या नोकरीच्या वाटेवर असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. पुढे केळवद गेलं, हद्द गेली आणि सौंसर आलं.

पहिल्याच आठवड्यात काउंटरवर एक आजी आल्या. पासबुक पुढे सरकवून हिंदीत काही जुळवू लागल्या, पण शब्द अडत होते. मी म्हटलं, "आजी, मराठीत सांगा ना." त्यांनी मान वर केली. "तुमाले मराठी येते? मंग पाहून द्या जी, मायावाले पैसे आले का?" पैसे आले होते. जाताना म्हणाल्या, "कोनचं गाव तुमचं, बाई?" दुसऱ्या दिवशी त्या शेजारणीला घेऊन आल्या, तिच्यामागून आणखी दोघी. आठवडाभरात माझ्या टेबलापुढे मराठी बोलणाऱ्यांची वेगळीच रांग लागली.

याचं कारण इतिहासात आहे. 1956 पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशची राजधानी होती. त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. रेघ कागदावर पडली. घरातली बोली, सोयरिकी आणि पोळा तिथेच राहिले. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार होते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात आणि पांढुर्णा व सावरगाव अशा दोन्ही बाजूंनी दगड चालतात. माणसं जखमी होतात, काही वर्षी जीवही गेले आहेत. मी काही पाहायला गेले नाही. त्या दिवशी घरमालकीण काकूंनी मला पुरणपोळीला बसवून ठेवलं.

काम मात्र नव्याने शिकावं लागलं. हा संत्र्यांचा मुलुख. पीककर्ज द्यायचं तर आंबिया बहार आणि मृग बहार यांतला फरक कळायला हवा. एक शेतकरी काकाजी मला बागेत घेऊन गेले. बहर धरायचा तर आधी झाडाचं पाणी तोडतात, त्याला 'ताण देणं' म्हणतात. पानं मलूल होतात, पाहणाऱ्याला वाटतं झाड गेलं. मग पाणी दिलं की फांदी न फांदी फुलते. "ताण जास्त झाला तं झाड मरते, कमी झाला तं फूल येत नाही," काकाजी म्हणाले. आमच्या प्रशिक्षणात हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यानंतर कर्जाच्या फायली मी वेगळ्या नजरेने वाचू लागले. सकाळी ऑफिसला जायला पाय आपोआप उचलू लागले, तेही याच सुमारास.

23 जानेवारीला रजा टाकून मी सावनेरला गेले. पिशवीत 'भावबंधन' होतं. क्षयाने पोखरलेले गडकरी इथे भावाकडे आले होते आणि या नाटकाचा शेवट त्यांनी मृत्यूच्या काही तास आधी पुरा केला, असं सांगतात. वय अवघं 33. 'एकच प्याला' त्यानंतर महिन्याभरातच बडोद्याला रंगभूमीवर आलं. सिंधूच्या वेषातले बालगंधर्व त्यांना पाहायला मिळाले नाहीत. त्या नाटकाची पदंही मागाहून विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली.

चहाच्या टपरीवर बसून शेवटचा अंक वाचला. मरणाच्या दारात बसून माणूस इतक्या कोट्या करतो, इतकं हसवतो, याचं मला दरवेळी नवल वाटतं. आणि त्या दिवशी आणखी एक गोष्ट जाणवली. गडकरी जन्मले नवसारीला, लहानपण गेलं गुजरातेत. म्हणजे मराठी मुलखाच्या एका कडेबाहेर सुरुवात आणि दुसऱ्या कडेजवळ शेवट. मधल्या काळात मात्र ही भाषा त्यांनी अशी श्रीमंत केली की आपण अजून ती खर्चतो आहोत. कडेवरच्या माणसाला भाषेची किंमत जास्त कळत असावी. माझ्या काउंटरवरच्या आजींनाही ती माझ्यापेक्षा जास्त कळली होती.

संध्याकाळी आईला फोन केला. "अर्ज दिलास का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नाही. तूच ये इकडे, संत्र्यांच्या दिवसांत." ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिकडे भाजीवाले मराठी बोलतात ना?"

मार्चमध्ये ती आली. जामसावळीला जाऊन निद्रिस्त हनुमानाचं दर्शन घेतलं, काकूंकडून पाटवडी शिकली आणि पंधरा दिवसांची महिनाभर राहिली. आता ठाण्यात शेजारणींना सांगते, "आमच्या सौंसरला..."

तुम्हीही या. बँकेत आलात तर मराठीतच बोला.